कोर्ट्राइकची लढाई, टेबलावर तीनदा

आजच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्स प्रांतात, कोर्ट्राइक शहराबाहेर ११ जुलै १३०२ रोजी झालेली लढाई गेल्या वर्षभरात मी टेबलावर, छोट्या मूर्ती आणि फासे घेऊन, तीन वेळा लढवून पाहिली. पहिल्या खेपेस फ्रेंच जिंकले आणि सगळे कंटाळले. दुसऱ्या खेपेस इतिहासात घडले तसेच फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सचे लोक, जिंकले, आणि तरीही सगळे कंटाळले. तिसऱ्या खेपेस जे झाले त्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

ज्यांना ही लढाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने फ्लँडर्सच्या काउंटला कैदेत टाकून तो समृद्ध प्रांत आपल्या अमलाखाली आणला होता आणि तिथे जाक द शातियों याला कारभारी नेमले होते. १८ मे १३०२ च्या पहाटे ब्रुज शहरातल्या लोकांनी उठाव करून शहरात उतरलेल्या फ्रेंचांची कत्तल केली, आणि पुढच्या काही आठवड्यांत बंड प्रांतभर पसरले. कोर्ट्राइकच्या किल्ल्यात मात्र फ्रेंच शिबंदी टिकून होती आणि फ्लेमिश सैन्याने तिला वेढा घातला होता. ती सोडवण्यासाठी आणि बंडखोरांना धडा शिकवण्यासाठी राजाने आर्त्वाचा काउंट रोबेर याला पाठवले. त्याच्याबरोबर सुमारे २,५०० चिलखती घोडेस्वार आणि साडेपाच हजारांच्या आसपास पायदळ होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. समोर आठ ते दहा हजार फ्लेमिश उभे होते, आणि त्यांत विणकर, कापड कुटून घट्ट करणारे कारागीर, कसाई, शेतकरी अशी पायी लढणारी माणसेच जवळजवळ सगळी होती. त्यांचे नेतृत्व काउंटचा मुलगा गी द नामुर आणि नातू युलिखचा विल्यम यांच्याकडे होते. हा विल्यम खरे तर चर्चचा पदाधिकारी होता, पण त्या दिवशी तो हातात शस्त्र घेऊन पायी उभा होता.

निकाल असा लागला की संध्याकाळपर्यंत स्वतः रोबेर, फ्रान्सचा कॉन्स्टेबल, म्हणजे राजाचा सरसेनापती, राउल द नेल, शातियों, राजाचा प्रमुख सल्लागार पिएर फ्लोत आणि त्यांच्यासह हजारावर सरदार-उमराव मारले गेले. घोडेस्वार टाचेला बांधतात त्या सोन्याचा मुलामा दिलेल्या आरा विजेत्यांनी मृतांच्या पायांतून काढल्या आणि कोर्ट्राइकच्या चर्चमध्ये टांगून ठेवल्या. म्हणून या लढाईला सोनेरी आरांची लढाई म्हणतात. (ऐंशी वर्षांनी, १३८२ मध्ये, रोझबेके इथे फ्लेमिशांचा पराभव केल्यावर फ्रेंचांनी त्या आरा परत नेल्या. इतकी वर्षे कोणीतरी हिशेब लक्षात ठेवला होता, याचे मला अजूनही नवल वाटते.)

वॉरगेम खेळणाऱ्यांना या लढाईचे आकर्षण का वाटते हे उघड आहे, आणि ती टेबलावर आणणे अवघड का आहे हेही त्यातच आहे. तिचा निकाल एका निर्णयावर ठरला. फ्रेंचांचे क्रॉसबोवाले (आडव्या यांत्रिक धनुष्याने बाण मारणारे) आणि पायदळ पुढे जाऊन बऱ्यापैकी काम करत होते, फ्लेमिश क्रॉसबोवाले मागे हटत होते, आणि नेमक्या त्या वेळी रोबेरने आपले पायदळ मागे बोलावून घोडदळाला हल्ल्याचा हुकूम दिला. घोडदळ ओढे ओलांडून भाल्यांच्या भिंतीवर गेले आणि संपले. आता माझ्यासमोर बसलेल्या खेळाडूला हे सगळे आधीपासून माहीत असताना त्याने हा हुकूम का द्यावा?

या प्रश्नाकडे वळण्याआधी सैन्य तयार करण्याविषयी लिहिणे भाग आहे, कारण वर्षातले आठ महिने त्यातच गेले. मी १५ मिलिमीटरच्या मूर्ती निवडल्या आणि एक मूर्ती म्हणजे २५ माणसे असे प्रमाण धरले. त्या हिशेबाने फ्रेंचांच्या ३२० मूर्ती होतात आणि फ्लेमिशांच्या ३६०. बाजारात या काळातल्या मूर्ती मिळतात, पण मागवताना डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. एका विक्रेत्याने मला नाइट म्हणून जे पाकीट पाठवले, त्यातले घोडेस्वार नखशिखांत पोलादी पत्र्यात होते, म्हणजे किमान शंभर वर्षे पुढचे. १३०२ चा नाइट अजून मुख्यतः कड्यांच्या चिलखतात आहे. त्यावर कापडी अंगरखा, डोक्यावर डब्यासारखे बंद शिरस्त्राण आणि खांद्यांवर कुलचिन्ह रंगवलेल्या दोन लहान चौकोनी फळ्या, असा त्याचा वेष. या फळ्या मी पातळ पत्रा कापून चिकटवल्या, आणि चिकटवताना त्यांतल्या निम्म्या माझ्या बोटालाच चिकटल्या.

आर्त्वाच्या रोबेरच्या झेंड्याला मला चार संध्याकाळी लागल्या. निळ्या जमिनीवर सोनेरी लिलीची फुले, आणि वर लाल पट्टीला खाली लोंबणारे पदर, ज्यांच्यावर सोनेरी किल्ले. पुढच्या काळातल्या फ्रेंच ढालीवर तीनच लिली असतात, पण १३०२ मध्ये अख्खी निळी जमीन लिलींनी भरून टाकलेली असे. पंधरा मिलिमीटरच्या मूर्तीच्या हातातला झेंडा नखाएवढा असतो. पहिल्या संध्याकाळी मी फूल काढायचा प्रयत्न केला आणि पिवळे डाग काढले. दुसऱ्या संध्याकाळी उमगले की फूल काढायचेच नसते. मध्ये एक उभा ठिपका, दोन्ही बाजूंना खाली वळलेले दोन स्वल्पविराम आणि खाली एक आडवी रेघ एवढे केले की हातभर अंतरावरून डोळा उरलेले फूल स्वतः पूर्ण करतो. रोबेरच्या घोड्याच्या झुलीवरही हेच करायचे होते. त्या झुलीवर ६३ लिली आहेत, आणि त्या कोणीही मोजत नाही हे मला मान्य आहे.

फ्लेमिश बाजूला रंगांचे एवढे लाड नाहीत, पण शस्त्रांचे आहेत. त्यांचे मुख्य बळ दोन शस्त्रांत होते. एक लांब भाला, आणि दुसरे गूडेनडाग. या शब्दाचा अर्थ शब्दशः ‘शुभ दिवस’ असा होतो, आणि या नावामागे लोकांचा विनोद किती नि खुन्नस किती हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रत्यक्षात तो सुमारे दीड मीटर लांबीचा, टोकाकडे जाड होत जाणारा सोटा. जाड टोकाला लोखंडी कडे आणि त्यातून बाहेर आलेला अणकुचीदार खिळा. म्हणजे ठोसताही येतो आणि खुपसताही येतो. भालेवाले आणि गूडेनडागवाले एकाआड एक उभे राहत. भाल्याने घोडा थांबवायचा आणि थांबलेल्या घोड्यावर, मग घोडेस्वारावर, गूडेनडाग चालवायचा. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात एक कोरीव लाकडी फळीची पेटी आहे. तिच्यावर ब्रुजचा उठाव आणि ही लढाई कोरलेली आहे, आणि हातात हे सोटे घेतलेली माणसे तिथे रांगेने उभी दिसतात. माझ्या मूर्तींचे सोटे तिच्या छायाचित्रांवरून केले आहेत. आमच्या प्रमाणात गूडेनडाग १५ मिलिमीटरचा होतो आणि साडेचार मीटरचा भाला ४५ मिलिमीटरचा. भाल्यांसाठी मी आधी मऊ तार वापरली, आणि पहिल्याच डावात ब्रुजच्या विणकरांचे भाले पावसात भिजलेल्या गवतासारखे आडवे पडले. नंतर कडक पोलादी तार आणली. ती वाकत नाही, बोटात मात्र घुसते.

जमिनीचे गणित आणखी त्रासदायक निघाले. टेबल १८० बाय १२० सेंटिमीटरचे आहे आणि मी एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर असे धरले आहे. फ्लेमिशांच्या पाठीशी लेइ नदी, समोर आणि बाजूला ग्रूनिंगे आणि दुसरा एक ओढा, आणि एका टोकाला शिबंदीचा किल्ला, एवढे त्यात नीट बसते. पण ओढा खऱ्या प्रमाणात करायचा तर तो दोन-तीन मिलिमीटर रुंद होईल, आणि त्याच्या काठावरचा माझा घोडा अडीच सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात पंचवीस मीटर! टेबलावरच्या वॉरगेममधले हे जुने ढोंग आहे. मूर्तींचे प्रमाण एक, जमिनीचे दुसरे आणि माणसांच्या संख्येचे तिसरे, आणि तिन्ही एकाच टेबलावर गुण्यागोविंदाने नांदतात असे आपण मानून चालतो. मी ओढे दोन सेंटिमीटरचे केले आणि पुढे गेले.

पहिल्या डावात मी काहीच बांधून दिले नाही. दोन खेळाडू, दोन सैन्ये, मांडणी इतिहासाप्रमाणे आणि पुढचे त्यांचे त्यांनी पाहावे. फ्रेंचांच्या बाजूला बसलेल्या मित्राने टेबलाकडे एकदा वरून पाहिले, ओढे पाहिले, भाले पाहिले आणि क्रॉसबोवाल्यांना पुढे पाठवले. घोडदळ त्याने जागचे हलवले नाही. सहा पाळ्या तो नुसते बाण मारत होता. फ्लेमिश क्रॉसबोवाले मागे हटले तेव्हा ते भालेवाल्यांच्या रांगांमागे जाऊन थांबले हे त्याला वरून स्पष्ट दिसत होते, आणि ते पळालेले नाहीत हेही. सातव्या पाळीला फ्लेमिश फळी विरळ झाली, तेव्हा कुठे त्याने घोडदळाच्या दोन तुकड्या कडेने पाठवल्या आणि डाव संपवला. चूक त्याची नव्हती. त्याने एक शहाणा सेनापती करील तेच केले. पण तिथे कोर्ट्राइक नव्हते. कोणत्याही ओढ्याकाठची कोणतीही दोन सैन्ये तिथे असती तरी तेच झाले असते.

दुसऱ्या डावाच्या वेळी मी दुसऱ्या टोकाला गेले. चौथ्या पाळीला फ्रेंच पायदळाने माघार घेतलीच पाहिजे आणि पाचव्या पाळीला घोडदळाने हल्ला केलाच पाहिजे, असा नियम लिहिला. त्याचा परिणाम असा झाला की फ्रेंच खेळाडू चौथ्या पाळीपर्यंत मोबाइल पाहत बसला आणि पाचव्या पाळीला त्याने घोडे उचलून ओढ्यापलीकडे ठेवले, जशी एखादी व्यक्ती पत्राच्या पाकिटावर तिकीट लावते. फ्लेमिश जिंकले. एकाही खेळाडूने त्या संध्याकाळी एकही निर्णय घेतला नव्हता.

दोन डावांत मिळून माझ्या ध्यानात आले ते असे. रोबेर मूर्ख होता असे मानून आपण नियम लिहितो, आणि म्हणून ते नियम खोटे ठरतात. रोबेर अनुभवी सेनापती होता. पाचच वर्षांपूर्वी, १२९७ मध्ये, फर्न्स इथे त्याने फ्लेमिशांना हरवले होते. चिलखती घोडदळ अंगावर आले की शहरी पायदळ फुटते, हा त्याचा अंधविश्वास नव्हता, त्याच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती. आणि पायदळ मागे घेण्याच्या हुकमालाही कारण आहे. घोडदळाला ओढा ओलांडून पलीकडे पुन्हा रांग धरायला जागा लागते. ती जागा फ्लेमिश मागे सरकल्याने मोकळी झाली होती, आणि आपलेच पायदळ त्या जागेत गर्दी करून उभे राहिले असते तर घोडे त्याच्यातच अडकले असते. थांबले असते तर फ्लेमिश पुन्हा ओढ्याच्या काठाशी आले असते. टेबलावर बसलेल्या मित्राला ही घाई जाणवणे शक्यच नव्हते, कारण त्याला छताच्या उंचीवरून सगळे दिसत होते, आणि लढाईतल्या कोणालाही तसे दिसलेले नव्हते. या खेळातली सगळ्यात मोठी कालविसंगती चुकीच्या शतकातले चिलखत ही नसून खेळाडूच्या डोळ्यांची उंची ही आहे.

म्हणून तिसऱ्या डावासाठी मी नियमांपेक्षा खुर्च्या बदलल्या. टेबलाचा पृष्ठभाग फोमच्या जाड पाट्यांचा केला आणि ओढे त्या पाट्यांमध्ये खोल कोरले. फ्रेंच बाजूच्या खेळाडूंना बुटक्या स्टुलांवर बसवले आणि उभे राहण्यास मनाई केली. त्या उंचीवरून ओढ्याचे पाणी दिसत नाही, फक्त काठावरच्या गवताची एक रेघ दिसते. ओढा आहे हे त्यांना माहीत होते, जसे रोबेरलाही होते. तो कुठे उथळ आहे आणि कुठे घोडा छातीपर्यंत रुतेल, हे मात्र माझ्याकडच्या पत्त्यांवर लिहिलेले होते. पंच मी. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या युद्धखेळात पंचच दोन्ही बाजूंना बातम्या देत असे, आणि खेळाडूला त्याच्या सैनिकांना दिसेल तेवढेच कळत असे. दोनशे वर्षांपूर्वीची ही पद्धत आपण का सोडली, याचे उत्तर एवढेच असावे की पंच व्हायला कोणी तयार नसतो.

फ्रेंचांच्या बाजूने एकाऐवजी तीन खेळाडू बसवले. घोडदळाच्या दहा तुकड्यांपैकी प्रत्येकाकडे काही तुकड्या, आणि प्रत्येकाकडे एक बंद चिठ्ठी. रोबेर झालेल्या मित्राच्या चिठ्ठीत लिहिले होते की शिबंदी आज सुटली पाहिजे. राउल द नेल झालेल्याच्या चिठ्ठीत असे होते की शत्रूला पहिला भिडणाऱ्या तुकडीला दुप्पट गुण, आणि पकडलेल्या प्रत्येक सरदाराच्या खंडणीचे गुण वेगळे. तिसऱ्याकडे मागची फळी होती, म्हणजे सें-पोलचा काउंट. त्याच्या चिठ्ठीत काय होते ते पुढे सांगते. फ्लेमिश खेळाडूसाठी चिठ्ठी एकच आणि तिच्यावर दोनच ओळी: लढाई संपेपर्यंत कोणीही लुटीसाठी रांग सोडणार नाही, आणि कोणालाही कैद करायचे नाही. हे हुकूम त्या सकाळी खरोखर दिले गेले होते. दुसरी ओळ लिहिताना माझा हात क्षणभर थांबला होता, हे इथे नोंदवून ठेवते. रंगवलेल्या मूर्ती आडव्या ठेवताना तिचा अर्थ जाणवत नाही, आणि तो जाणवला पाहिजे असेही माझे म्हणणे नाही, पण लिहिताना जाणवला.

लढतीचे नियम साधे ठेवले. घोडदळ उभ्या फळीवर धडकले की पहिल्या फेरीत वेगाचे जादा फासे मिळतात, पण ओढा ओलांडून एक पूर्ण पाळी रांग सावरण्यात घालवली नसेल तर ते मिळत नाहीत. फळी दोन बेस (मूर्ती ज्यांवर चिकटवतात त्या छोट्या पट्ट्या) खोल असेल आणि जागची हलली नसेल तर भाल्यांचे जादा फासे फ्लेमिशांना मिळतात. पहिल्या फेरीत फळी फुटली नाही, तर दुसऱ्या फेरीपासून घोडदळाचा वेग शून्य आणि गूडेनडागचे फासे सुरू. सगळी लढाई या दोन फेऱ्यांच्या फरकात आहे. पहिल्या धक्क्यात जिंकायचे, नाहीतर जिंकायचे नाही. फ्लेमिश तुकडी धैर्याच्या चाचणीत नापास झाली तरी ती पळत नाही, कारण मागे लेइ नदी आहे. परतीचे दोर आधीच कापलेले. ती जागीच मरते, पण मरण्याआधी तिला एक फेरी जास्त लढायला मिळते.

डाव सुरू झाला तेव्हा क्रॉसबोवाल्यांनी ठरल्याप्रमाणे पुढे जाऊन बाण चालवले. तिसऱ्या पाळीला फ्लेमिश खेळाडूने आपले क्रॉसबोवाले मागे घेतले आणि भालेवाल्यांनाही बाणांच्या टप्प्यातून बाहेर काढण्यासाठी थोडे मागे सरकवले. पहिल्या डावातही याच मित्राने अगदी हीच चाल केली होती. फरक एवढाच की या वेळी ती फ्रेंचांना माझ्या तोंडून कळणार होती. मी म्हटले, “फ्लेमिश क्रॉसबोवाले मागे हटत आहेत. त्यांच्यामागची फळीही हलते आहे.” यात एकही शब्द खोटा नव्हता.

रोबेरने विचारले, “मागे म्हणजे किती मागे?”

“धूळ आहे. इथून दिसत नाही.”

तो स्टुलावर मान लांब करून पाहू लागला. त्याला भाल्यांची टोके दिसत होती आणि ती दूर जाताना दिसत होती. शेजारी राउल द नेलचा हात आधीच आपल्या पहिल्या तुकडीच्या बेसवर जाऊन पडला होता. त्याने माझी परवानगी मागितली नव्हती, रोबेरचीही नाही. “पायदळ पुढे गेलं तर आपल्याला वाट राहणार नाही,” तो म्हणाला. रोबेर त्याच्याकडे पाहत राहिला. पहिल्या डावात छतावरून पाहत सहा पाळ्या बाण मारणारा मित्र हाच. इतिहास त्याला तोंडपाठ आहे. काय होणार हे तो जाणत होता, आणि तरी पुढच्या पाळीत तो म्हणाला, “पायदळ मागे. घोडदळ पुढे.” मग स्वतःच कपाळावर हात मारून हसला.

पुढचे झपाट्याने झाले. डाव्या बाजूच्या दोन तुकड्या माझ्याकडच्या पत्त्यावर जिथे ‘खोल’ असे लिहिलेले होते नेमक्या तिथे ओढ्यात उतरल्या आणि पाळीभर तिथेच राहिल्या. राउल द नेलला रांग सावरण्याइतका धीर नव्हता, कारण पहिला भिडण्याचे गुण त्याला हवे होते. तो वेगाच्या फाशांशिवाय ब्रुजच्या विणकरांवर गेला, पहिल्या फेरीत काही झाले नाही आणि दुसऱ्या फेरीत गूडेनडागच्या फाशांनी त्याच्या तीन बेसपैकी दोन बेस काढून घेतले. मध्यभागी मात्र फ्रेंच नशीबवान ठरले. तिथल्या तुकड्यांनी नीट रांग सावरली, फासे जोरात पडले आणि फ्लेमिश फळीचा मधला भाग फुटला. इतिहासातही मधला भाग असाच डळमळला होता, आणि यान व्हान रेनेसे या झीलंडच्या सरदाराने राखीव तुकडी आणून तो सावरला होता. आमच्या फ्लेमिश खेळाडूकडे रेनेसेचे तीनच बेस होते. ते त्याने पाच पाळ्या हातात धरून ठेवले होते, आणि त्या क्षणापर्यंत त्या संध्याकाळी त्याला करण्यासारखे दुसरे काही नव्हते. खरे तर या लढाईत फ्लेमिश बाजू खेळणे म्हणजे उभे राहणे, आणि ते फार अवघड आहे. तीन बेस भोकात गेले, सहा आले म्हणजे भोक बंद. त्याने सहा टाकला. याला मी नियमांचे यश म्हणणार नाही, फासा तो फासा. दोन पडला असता तर फ्रेंच जिंकले असते आणि माझ्या मते तरीही ती कोर्ट्राइकचीच लढाई राहिली असती.

किल्ल्यातल्या शिबंदीने मध्येच बाहेर पडून पाहिले आणि फ्लँडर्समधल्याच ईप्र शहराच्या लोकांनी तिला परत आत ढकलले. तेही इतिहासाप्रमाणेच झाले, पण त्यात पाहण्यासारखे काही नव्हते.

रोबेर शेवटी स्वतः गेला. त्याची गरज नव्हती. मी तसे सुचवलेही नव्हते. त्याने ६३ लिलींचा घोडा उचलला, स्वतःच्या उरलेल्या तुकडीच्या पुढे ठेवला आणि त्याच भोकाच्या दिशेने नेला. पहिल्या फेरीत त्याने फ्लेमिशांचे दोन बेस काढले. दुसऱ्या फेरीत मूर्ती आडवी झाली आणि लाल पदरांपैकी एक निखळून टेबलाखाली गेला. तो आम्हाला सापडलेला नाही.

आणि मग मला जे पाहायचे होते ते मी न मागता झाले. आम्ही सगळे मधल्या गर्दीवर वाकलेलो असताना मागच्या फळीचा मालक, सें-पोलचा काउंट, आपल्या दोन तुकड्या एकेक बेस करून टेबलाच्या कडेकडे सरकवत होता. त्याच्या चिठ्ठीत एवढेच लिहिले होते की अर्धे घोडदळ गेले तर वाचलेल्या प्रत्येक बेसचे गुण तुझे. त्याने आवाज न करता सगळे घोडे डब्यात भरले. रोबेरने मान वर केली तेव्हा त्याच्या मागे मोकळा हिरवा फोम होता. “तू कधी निघालास?” त्याने विचारले. “मघाशीच. तू हुकूम देत होतास तेव्हा,” सें-पोल म्हणाला, आणि डब्याचे झाकण लावले. १३०२ मध्ये मागची फ्रेंच फळीही न लढताच निघून गेली होती.

डाव संपल्यावर रोबेर झालेल्या मित्राने मला एक गोष्ट विचारली, आणि ती मला आवडली. पहिल्या डावात त्याने जे केले, म्हणजे घोडदळ आवरून नुसते बाण मारणे, ते फ्रेंचांना कधीच का सुचले नाही? सुचले होते. त्या सकाळच्या मसलतीतही काही सरदारांनी थांबण्याचा सल्ला दिला होता असे त्या काळचे लेखक सांगतात. आणि दोनच वर्षांनी, १८ ऑगस्ट १३०४ रोजी, मों-आं-पेवेल इथे राजा फिलिप स्वतः फ्लेमिशांसमोर उभा राहिला. तेव्हा घोडदळाने समोरून भाल्यांवर झेप घेतली नाही, तर दिवसभराच्या उन्हात शत्रूला थकवण्यावर भर दिला. त्या दिवशी थांबणे जमले नाही ते फ्लेमिशांना. ते संध्याकाळी स्वतः तुटून पडले, राजाचा घोडा मारण्यापर्यंत पोहोचले आणि हरले. युलिखचा विल्यम तिथेच मारला गेला.

विल्यमची मूर्ती माझ्याकडे आहे. घोडे आहेत, भाले सरळ केले आहेत. टेबलावर या वेळी ओढे लागणार नाहीत, पण फ्लेमिशांनी पाठीशी उभ्या केलेल्या गाड्यांची रांग लागेल, आणि निदान चाळीस क्रॉसबोवाले आणखी रंगवावे लागतील. बुटकी स्टुले या खेपेस फ्लेमिश बाजूला ठेवणार आहे.